मादी सशाचे तळपाय आणि पिशवी

चि. मुग्धा हिस,


सशाच्या तळपायाला गादी नसते. कुत्र्यामांजरांच्या पंजाखाली जाड, बिनकेसांची कातडी असते. सशाच्या पायाखाली दाट केसांचा थर, त्याच्या आत पातळ कातडी आणि लगेच हाड. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बीळ खणून राहणारा. (आपल्याकडे माळरानावर दिसतो तो रानससा वेगळ्या जातीचा, तो घरी पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.) गवतावर आणि भुसभुशीत मातीत सशाची नखे जमिनीत रुततात, त्यामुळे बसताना भार बोटांवर आणि मागच्या तळव्यावर सारखा वाटला जातो. फरशीवर नखे रुतत नाहीत. मग बोटे वर उचलली जातात आणि सगळे वजन मागे टाचेकडे सरकते. नखे वाढली की हे आणखी बिघडते.

टाचेजवळची कातडी हाड आणि फरशी यांच्यामध्ये तासन्‌तास दाबली जाते आणि तिथला रक्तपुरवठा कमी होतो. आधी केस विरळ होतात, मग तो भाग लाल दिसतो, मग खपली धरते, मग कातडी फाटून जखम होते. उघड्या जखमेत जंतू शिरले की पू होतो. सशाचा पू पातळ नसतो, चक्क्यासारखा घट्ट असतो. तो आपोआप वाहून जात नाही. दुखणे हाडापर्यंत पोचले की बरे होणे फार अवघड. फार पुढच्या अवस्थेत टाचेवरचा स्नायुबंध जागेवरून घसरतो आणि मादी पुढे कायमची टाच टेकवून चालते. पशुवैद्य या दुखण्याला पोडोडर्मटायटिस म्हणतात, ससे पाळणारे सोअर हॉक. यातली पहिली अवस्था घरच्या घरी परतवता येते आणि शेवटची डॉक्टरांनाही परतवता येत नाही, म्हणून सगळा भर पहिल्या अवस्थेवर द्यायला हवा.

दुकानात मिळणारा, तळाला तारेची जाळी आणि खाली ट्रे असलेला पिंजरा सफाईला सोयीचा असतो आणि सशासाठी सर्वांत वाईट. जाळीवर सगळा भार दोनचार तारांवर येतो. पिंजरा वापरायचाच असेल तर जाळी पूर्ण झाकणारा सपाट, मऊ थर हवा. व्हिट्रिफाइड टाइल गुळगुळीत असल्याने लहान वयात पाय फाकतात. शहाबादी फरशी कमी घसरते पण कठीण तितकीच. खरखरीत सिंथेटिक कार्पेटही उपयोगाचे नाही, त्यावर पळून पळून तळव्याचे केस झिजतात. मराठी घरात याला तयार उत्तर आहे: जुन्या सुती साड्यांची गोधडी. थर भरपूर, कापड मऊ, धुऊन उन्हात वाळवता येते. मात्र टाके उसवलेली गोधडी देऊ नये. मादी दोरे चावते, गिळते, आणि सशाला उलटी करताच येत नसल्याने गिळलेला दोरा आतड्यात अडकून बसू शकतो. कापड ती फारच कुरतडत असेल तर वाळलेल्या गवताचा जाड थर बरा.

ओल हा दुसरा शत्रू. लघवीने भिजलेल्या कापडावर बसणाऱ्या मादीची कातडी मऊ पडते आणि लवकर फाटते. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. त्या दिवसांत गोधड्यांचे तीनचार जोड लागतात. शौचाचा ट्रे वेगळा ठेवून त्यात कागद आणि वर गवत घालावे. ससे बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतात, तो कोपरा ओळखून ट्रे तिथेच ठेवला की निम्मे काम होते. उन्हाळ्यात मादी स्वतःच मऊ जागा सोडून उघड्या फरशीवर जाऊन पसरते, कारण सशाला घाम येत नाही आणि तिशीच्या पुढचा पारा त्याला सोसत नाही. तेव्हा तिला हाकलू नये. एक कोपरा उघड्या फरशीचा असू द्यावा, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली जवळ ठेवावी, बाकी सगळीकडे मऊ.

वजनाचा हिशेब इथे टाळता येत नाही. बाजारात “छोटा पांढरा ससा” म्हणून मिळणारे लाल डोळ्यांचे पिल्लू बऱ्याचदा न्यूझीलंड व्हाइट या मांसासाठी वाढवलेल्या जातीचे असते आणि ते चारपाच किलोंपर्यंत जाते. तेवढे वजन त्याच पातळ तळव्यांवर येते. रेक्स जातीला मखमली, आखूड केस असतात. तळव्यावरचे संरक्षक राठ केस तिच्यात जवळजवळ नसतातच, म्हणून रेक्सची मादी पहिल्या दिवसापासून मऊ जमिनीवरच हवी.

पाय आठवड्यातून एकदा पाहावेत. मादीला पाठीवर उताणे पाडून पाहण्याची पद्धत सोडून द्यावी. उताणी पडलेली मादी गप्प राहते ती भीतीने, निवांतपणे नव्हे. आणि सुटण्यासाठी तिने झटका दिला तर पाठीचा कणा मोडू शकतो. सशाचा सांगाडा शरीराच्या मानाने फार हलका असतो आणि मागच्या पायांचे स्नायू फार दमदार. पाहणाऱ्याने जमिनीवर बसावे, मादीची पाठ आपल्या छातीला टेकवावी, एका हाताने पुठ्ठे सावरावेत आणि दुसऱ्या हाताने एकेक तळवा उजेडाकडे करावा. टाचेवरचे केस बाजूला केले की तिथे लहानसा बिनकेसांचा, फिकट गुलाबी, कोरडा आणि सपाट ठिपका दिसतो. बहुतेक मोठ्या सशांना तो असतोच. त्याने घाबरून जाऊ नये. ठिपका वाढला, लाल झाला, सुजला, त्यावर खपली आली किंवा तो ओलसर लागला तर मात्र डॉक्टर गाठावेत.

तोवर घरी करण्यासारखे थोडे आणि टाळण्यासारखे बरेच. जमीन लगेच मऊ आणि कोरडी करावी. खपली ओढू नये. तळव्याचे केस कापू नयेत, गुंता असला तरी. तेच तिचे पायताण. आंघोळ घालू नये, भिजण्याच्या धसक्याने ससे दगावू शकतात. माणसांची वेदनाशामके देऊ नयेत आणि मलमे लावू नयेत, कारण पायाला लावलेले सगळे चाटून पोटात जाते. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे घरात उरलेले अँटिबायोटिक. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे सशाला तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि ससा दोनतीन दिवसांत जाऊ शकतो. पायाची जखम बरी होण्याजोगी असताना औषधानेच जीव जावा, याइतके वाईट काही नाही. गोचिड-पिसवांसाठी कुत्र्यांना लावतात ते फिप्रोनिलही सशाला विषारी आहे.

नखे अठरा: पुढच्या पायांना पाच पाच, मागच्या पायांना चार चार. महिना-सव्वा महिन्याने ती कापावी लागतात. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते, काळ्या नखामागे टॉर्च धरली की तीही दिसते. तिच्या थोडे पुढे कापावे. चुकून रक्त आलेच तर कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा चिमटीत घेऊन दाबून धरावा. सगळी नखे एका बैठकीत कापण्याचा आग्रह नको.

पाय रोज डोळ्यांसमोर असतात, गर्भाशय नसते. म्हणून पिशवी काढण्याचा प्रश्न लोकांना लांबचा वाटतो, आणि “धडधाकट जनावराला कशाला कापायचे” असा विचार मनात येतो. तो प्रेमापोटीच येतो, पण सशाच्या मादीचे शरीर त्या प्रेमाला साथ देत नाही. तिच्या गर्भाशयाला कर्करोग होण्याचे प्रमाण पाळीव प्राण्यांत विलक्षण मोठे आहे. काही जातींच्या पाहण्यांत चार वर्षांपुढच्या निम्म्याहून अधिक माद्यांमध्ये तो आढळला. नीट सांभाळलेला ससा आठदहा वर्षे जगतो. म्हणजे अर्धे आयुष्य या टांगत्या तलवारीखाली. रोग हळूहळू वाढतो आणि फुप्फुसांत पसरतो. पहिली खूण बहुधा लघवीतले रक्त. सशाची लघवी बीट किंवा काही पाल्यांमुळेही तांबूस होते, त्यामुळे प्रत्येक लाल डाग म्हणजे रोग नव्हे. पण गाठी दिसल्या किंवा लघवीच्या शेवटी रक्ताचे थेंब पडले तर सोनोग्राफी करून घ्यावी.

कर्करोग नाही झाला तरी माजाचा त्रास असतोच. मादी चारपाच महिन्यांत वयात येते; मोठ्या जाती थोड्या उशिरा. तिचे बीज ठराविक दिवसांनी सुटत नाही, नराशी संबंध आल्यावर दहाबारा तासांनी सुटते, म्हणून ती जवळपास नेहमीच तयार असते. हात घातला की गुरगुरते, पुढच्या पायांनी फटका मारते, जागोजागी लघवी शिंपडते. कधी नर नसताना खोटी गाभण राहते: गळ्याखालचे केस उपटून तोंडात गवत धरून घरटे बांधू लागते आणि सोळा-सतरा दिवस बेचैन असते. “एकदा पिल्ले होऊ द्यावीत, मग शांत होईल” हा समज पक्का आहे आणि चुकीचा आहे. एका वेताने कर्करोगाचा धोका टळत नाही. शिवाय मादी महिन्याभरात विते आणि व्याल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. दुकानदाराने “दोन्ही माद्या” म्हणून दिलेली जोडी नर-मादी निघणे नेहमीचे आहे, तेही आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

शस्त्रक्रियेला पाच-सहा महिन्यांचे वय चांगले. त्या वयात गर्भाशय लहान असते आणि त्याभोवती चरबी साठलेली नसते. पुढे ती साठते, रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत आणि वेळ जास्त लागतो. वर्ष-दीड वर्षाच्या मादीचीही करून घेता येते, दोन वर्षांच्या आत झालेले बरे. तळव्याला उघडी जखम असेल तर ती आधी भरू द्यावी. शस्त्रक्रियेनंतर मादी काही दिवस एकाच जागी बसून राहते, म्हणजे टाचेवर भार वाढतो, आणि अंगात जंतुसंसर्ग असताना पोट उघडणे शहाणपणाचे नाही.

डॉक्टर निवडणे हे या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे काम. आपल्याकडे बहुतेक पशुवैद्यांचा हात गायीम्हशींवर किंवा कुत्र्यामांजरांवर बसलेला असतो. सशांवर नेहमी उपचार करणारे डॉक्टर मोठ्या शहरांत मिळतात. त्यासाठी प्रवास करावा लागला तरी करावा. ओळखायला एक सोपा प्रश्न पुरतो: आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे का? कुत्र्याला ठेवतात, भुलीत उलटी होऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही आणि त्याचे आतडे रिकामे राहिले तर थांबते. “रात्रीपासून काही देऊ नका” असे उत्तर आले तर नम्रपणे दुसरीकडे जावे. भूल कोणती, श्वासाची नळी किंवा मास्क कसा वापरतात, अंग उबदार कसे ठेवतात, दुखणे थांबवायला काय देतात, हेही विचारावे. सशाचे तोंड अरुंद, जीभ मोठी, त्यामुळे नळी घालणे कौशल्याचे काम असते.

भुलीचा धोका लपवू नये. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भूल दिलेल्या सशांपैकी सुमारे १.४ टक्के दगावले. त्यातल्या निरोगी सशांत हे प्रमाण ०.७ टक्क्यांच्या आसपास होते. कुत्र्यामांजरांपेक्षा हे जास्तच आहे. मात्र बरेचसे मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यानंतरच्या तासांत झाले होते, म्हणजे नंतरची देखभाल जीव वाचवते. कर्करोगाच्या प्रमाणाशेजारी हे आकडे ठेवले की निर्णय स्पष्ट होतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी घरून निघेपर्यंत गवत समोर असावे आणि थोडे सोबत न्यावे. पोटाच्या मध्यभागी छेद घेऊन दोन्ही अंडाशये आणि गर्भाशय काढतात. सशाच्या गर्भाशयाच्या दोन शिंगांना दोन वेगळी मुखे असतात, त्यामुळे बांधणीही त्या हिशेबाने करावी लागते. टाके कातडीच्या आत लपवलेले बरे. बाहेरचे टाके ती दातांनी काढते. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर शक्यतो नको. ससा आपल्या मऊ, चिकट लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, त्यांतून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. कॉलरने ते बंद पडते.

घरी आल्यावर लाकडाचा भुसा नको, तो जखमेला चिकटतो. स्वच्छ टॉवेलवर, उबदार आणि शांत जागी ठेवावे. खाणे आणि लेंड्या, या दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. कोथिंबीर, पुदिना असे वासाचे पाले पुढे करावेत. बारा तासांत काही खाल्ले नाही किंवा लेंडी पडली नाही तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. ते सांगतील त्याप्रमाणे भिजवलेल्या पेलेटची पातळ पेज सिरिंजने गालाच्या बाजूने, थोडी थोडी भरवावी लागते. पाठीला कुबड काढून बसणे, डोळे अर्धे मिटणे, दात करकर वाजवणे, पोट जमिनीला दाबणे ही दुखण्याची लक्षणे. वेदनाशामक डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पूर्ण द्यावे, ती बरी दिसली तरी. दहा दिवस उड्या मारण्याजोगी उंच जागा बंद.

पिशवी काढलेली मादी लवकर सुटते, आणि इथे पायांचा विषय परत येतो. जाड मादीचे तोंड मागे पोचत नाही, मऊ लेंड्या शेपटीखाली चिकटून राहतात, बूड ओले राहते आणि त्या ओलीत वाढलेले वजन टाचेवर बसते. सहा महिन्यांपर्यंत लसूणघास चालतो. पुढे त्यातले कॅल्शियम आणि प्रथिने जास्त होतात, तेव्हा तो कमी करत साधे वाळलेले गवत आणि हरळी चोवीस तास समोर ठेवावी. पेलेट वजनाच्या दर किलोला साधारण पंचवीस ग्रॅम, त्याहून नको. गाजर आणि फळ चवीपुरतेच. महिन्याला वजन करून लिहून ठेवावे आणि हाताला बरगड्या लागतात का ते पाहावे.

सोबतीला नर आणायचा असेल तर त्याचीही नसबंदी करावी. नराचे बीज शस्त्रक्रियेनंतरही चारसहा आठवडे टिकते, तोवर तो पिशवी न काढलेल्या कोणत्याही मादीजवळ जाऊ नये. पिशवी काढलेल्या मादीला गाभण राहण्याचे भय नाही, पण तिची जखम पूर्ण भरेपर्यंत दोघांना जाळीच्या दोन बाजूंनी एकमेकांचा वास घेऊ द्यावा; एकत्र सोडण्याची घाई केली तर पाठलाग आणि चावाचावीत टाके उसवतात.

कळावे,
तुझी आत्या