गोदाकाठी जाण्यापूर्वी

ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या माझ्या बाबांनी परवा सकाळच्या चहाला आपली इच्छा बोलून दाखविली. नाशिकला जावे, रामकुंडावर गोदामाईचे दर्शन घ्यावे आणि ज्या द्राक्षांत आयुष्य गेले, त्यांची वाइन एकदा चाखून पाहावी. आमची बाग सोलापूरजवळची, नान्नजच्या ‘सोनाका’ वाणाची. पातळ सालीची, बिनबियांची, खाण्याची द्राक्षे. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात, हे बाबांना ठाऊक आहे. चव मात्र ठाऊक नाही.

मला प्रथम भीतीच वाटली. बाबांना मधुमेह आहे आणि ते ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. मागील वर्षी तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत जेवण दोन तास लांबले. गोळी मात्र वेळेवर घेतलेली. त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, शब्द अडखळू लागले. साखरेचे पाणी दिल्यावर ते सावरले. म्हणून नाशिकचा बेत पक्का करण्यापूर्वी मी डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी सांगितले ते आपणही ध्यानी ठेवावे. यकृत रक्तात साखर सोडीत असते. मद्य पोटात गेले की त्याचे हे काम मंदावते. त्यात अशी गोळी आणि रिकामे पोट यांची गाठ पडली, तर कित्येक तासांनी, अगदी झोपेतही साखर उतरू शकते. त्या वेळची लक्षणे, म्हणजे तोल जाणे, बोबडे बोलणे, गुंगी, हुबेहूब नशेसारखी दिसतात. ‘आजोबांना जरा चढली’ म्हणून हसण्यावारी नेले की घात झाला. अशा वेळी आधी साखर तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. झोपेची गोळी किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घोटही घेऊ नये. बाबांचे तपासण्यांचे अहवाल पाहून त्यांना जेवणासोबत अर्ध्या पेल्याची मोकळीक मिळाली. ज्यांनी कधी घेतली नाही, त्यांनी प्रकृतीला बरी म्हणून ती सुरू करू नये, असेही डॉक्टरांनी बजावले.

मग सारा बेत गोळीच्या वेळेभोवती आखला. सोलापूर ते नाशिक सुमारे ४०० किलोमीटर; म्हणून अहिल्यानगरला एक मुक्काम. डब्यात शेंगाचटणी आणि मऊ भाकरी (कडक भाकरीचा मोह दातांमुळे सोडला). रामकुंडाच्या पायऱ्या ओल्या असतात. तेव्हा काठी हाती, मी शेजारी आणि पाणी ओंजळीपुरतेच. नाशिकची मिसळ बाबा सोडणार नाहीत. तर्री वेगळी मागवायची, पापड माझ्या ताटात.

दुसऱ्या दिवशी भरपेट जेवणासाठी गंगापूर धरणाच्या परिसरात. १९९९ साली सुरू झालेल्या ‘सुला’ने हा भाग वाइनसाठी नावारूपास आणला. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. गर्दी टाळण्यासाठी आम्ही मंगळवार निवडला. तेथे चव घेण्यासाठी एकामागून एक प्रकार समोर येतात. बाबांनी एकच निवडायचा. रात्री निजण्यापूर्वी साखर तपासायची, उशाशी ग्लुकोजची पुडी ठेवायची.

हे सारे बाबांना वाचून दाखविले. ते म्हणाले, “अर्धा पेला, तर अर्धा. पण ती बियांची द्राक्षे वेलीवरून तोडून खायला मिळतील ना?”

ती किती खावीत, हे डॉक्टरांना विचारायचे राहिलेच आहे.