प्रसंग गुदरणे

माझी धाकटी मुलगी यंदा पाचवीत आहे. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला ती बसणार आहे. रात्रीची जेवणं झाली की आम्ही बापलेक वही घेऊन बसतो. ८० प्रश्न, १०० गुण, वेळ दोन तास. ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, २० गणिताचे आणि २० भाषेचे. भाषेच्या भागात चार उतारे असतात आणि प्रत्येक उताऱ्याखाली पाच प्रश्न. त्यात एखादा प्रश्न शब्दाच्या अर्थाचा निघतो. ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते. सहावीच्या प्रवेशाची संधी हुकली की ती पुन्हा नाही. म्हणून मुलीपेक्षा मलाच जास्त घोर लागलेला असतो.

गणित तिला येतं. अडतं ते क्रियापदांशी. नामांचे समानार्थी शब्द पाठ होतात. सूर्य म्हणजे रवी, भास्कर, दिनकर. क्रियापदांचं तसं नाही. पाहणे, बघणे, निरखणे, न्याहाळणे हे चारही शब्द एका ओळीत लिहिले तरी चारही एका जागी बसत नाहीत. बस आली का हे आपण बघतो, न्याहाळत नाही. पाणी पितो, प्राशन करत नाही. हे पाठ करून येत नाही, कानाला कळावं लागतं. आणि आमच्या घरातला कान दखनीवर वाढलेला.

मीही याच परीक्षेला बसलो होतो. १९९१ सालची गोष्ट. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव, जिल्हा परिषदेची मराठी शाळा. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नवोदयमध्ये निवड झाली तर राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट, एवढं अब्बांना पुरेसं होतं. गुरुजी शाळा सुटल्यावर आम्हा पाच मुलांना थांबवून घेत आणि फळ्यावर क्रियापदांच्या ओळी लिहीत. सांगणे, कथन करणे. रागावणे, कोपणे, संतापणे. मी त्या घरी येऊन मोठ्यानं घोकायचो. दादी बाजेवर पडल्या पडल्या ऐकायची आणि म्हणायची, "एक बात कू इत्ते लफ्जां कायकू रे?"

एके दिवशी फळ्यावर ‘मरणे’ आलं. निधन पावणे, वारणे, निवर्तणे, देवाज्ञा होणे, कैलासवासी होणे. मी वहीत उतरवून घेतलं. दादीसमोर ती ओळ घोकली नाही, एवढी अक्कल मला होती.

परीक्षेला महिना राहिला असताना दादी गेली. पहाटे अम्मीनं उठवलं आणि एवढंच म्हणाली, "दादी गुजर गयी." दफन झालं, तिसऱ्या दिवशी जियारत झाली, चौथ्या दिवशी मी शाळेत गेलो. रजेचा अर्ज द्यायचा होता. चांगली मराठी लिहायची म्हणून वही उघडली, ती ओळ काढली आणि लिहिलं, ‘माझी दादी कैलासवासी झाल्यामुळे मी तीन दिवस शाळेत येऊ शकलो नाही.’

अर्ज शेजारच्या मुलानं वाचला आणि फसकन हसला. मग सगळा वर्ग हसला. कुणी वाईट बुद्धीनं हसलं असेल असं आज वाटत नाही. पण मला काय चुकलं तेच कळेना. शब्द तर फळ्यावरचाच होता.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "तुमच्यासाठी मराठीत पैगंबरवासी म्हणतात." आणि लाल पेननं कैलासवासी खोडून तसं लिहिलं. मग थोडं थांबून विचारलं, "घरी काय म्हणतात?"

मी म्हणालो, "गुजर गयी."

त्यांनी मान हलवली. अर्ज हजेरीपटात ठेवून दिला.

संध्याकाळी मी अब्बांना विचारलं, "पैगंबरवासी म्हणजे काय?" ते पंक्चर काढत होते. ट्यूब पाण्यात दाबत म्हणाले, "मेल्यावर कोण कुठं राहणार ते अल्लाला ठाऊक. लोक इज्जत म्हणून लिहितात, लिहू दे." बुडबुडा दिसला तिथं त्यांनी खूण केली आणि पुढं काही बोलले नाहीत.

माझी निवड झाली नाही. मी गावातच शिकलो, पुढं शिक्षक झालो. पण फळ्यावरची मराठी वेगळी आणि घरातली बोली वेगळी, दोन्हींमध्ये आपण उपरे, हा सल कितीतरी वर्षं राहिला.

तो कमी झाला शब्दकोश चाळताना. कवी माधव जूलियन, म्हणजेच माधवराव पटवर्धन, यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ साली प्रसिद्ध झाला. मराठीत मुरलेल्या शब्दांचं एवढं गाठोडं निघेल असं मला वाटलं नव्हतं. आपण खर्चतो, बदलतो, आजमावतो. राजा फर्मावतो. मुलं शाळेत हजर होतात, पत्र रवाना होतं, पदवी बहाल होते. ही सगळी क्रियापदं फारसी-अरबीकडून आली आणि मराठीचे प्रत्यय लावून इथंच नांदली. ती कुणी परकी म्हणत नाही, कारण परकी आहेत हे कुणाच्या ध्यानातच नाही. उलट आमच्या दखनीतला ‘नक्को’ हा मराठीच्या ‘नको’चाच भाऊ. देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालेलं.

परवा रात्री सरावासाठी मी मुलीला एक वाक्य दिलं. ‘त्या कुटुंबावर मोठा प्रसंग गुदरला.’ गुदरला म्हणजे काय? पर्याय चार : टळला, ओढवला, संपला, आठवला. तिनं लगेच ‘संपला’वर खूण केली.

"का गं?"

"आपण बोलतो ना अब्बा, दिन गुजर गये. गुजरला म्हणजे संपला."

उत्तर चूक होतं, पण ते ऐकून मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. दोन शब्दांचं नातं तिनं कुणी न सांगता ओळखलं होतं. गुदरणे आणि गुजरना, दोन्ही फारसीतल्या ‘गुजश्तन’ची लेकरं. ‘गुजराण’सुद्धा त्याच घरची. फक्त वाटा निराळ्या झाल्या. आमच्या बोलीत जे गुजरतं ते पुढं निघून जातं. मराठीत जे गुदरतं ते अंगावर येऊन पडतं.

मी तिला सांगितलं, "बेटा, शब्द ओळखलास ते बरोबर. पण तो कुठं राहायला गेला तेही बघायचं. वाक्यात ‘कुटुंबावर’ आहे. वर काय येतं? ओढवतं."

तिनं खोडरबरानं खूण पुसली, ‘ओढवला’वर केली. मग विचारलं, "असंच दुसरं वाक्य सांगा ना."

मला पस्तीस वर्षांपूर्वीचा अर्ज आठवला. आज लिहायचा झाला तर कैलासवासीही लागणार नाही आणि पैगंबरवासीही. मी म्हणालो, "लिही. दादी गुजरली आणि आमच्यावर प्रसंग गुदरला."

आतल्या खोलीतून माझ्या अम्मीनं, म्हणजे तिच्या दादीनं, आवाज दिला, "मैं जिंदा हूं रे अभी!"

मुलगी हसत सुटली. मीही हसलो. वाक्य मात्र तिनं वहीत तसंच ठेवलं, खाली रेघ मारून.