मार्सेयेज, किंगस्टनमार्गे

फ्रेंच समाजाच्या मनातील जमैकाचे चित्र डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक रेखाटले आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत हे बेट फ्रेंचांना ठाऊक होते ते ब्रिटिशांच्या ताब्यातील साखरेचे आगर म्हणून. १६९४ साली शेजारच्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीचा गव्हर्नर द्यु कास याने त्यावर स्वारी केली, १७८२ साली द ग्रासच्या आरमाराचा पराभव होऊन ते बेट जिंकण्याचा मनसुबा मोडला, आणि पुढे जवळजवळ दोन शतके सामान्य फ्रेंच माणसाला जमैकाचे फारसे सोयरसुतक उरले नाही. हे मौन मोडले ते १९७०च्या दशकात, रेगेने. किंगस्टनच्या गरीब वस्त्यांत घडलेल्या या संगीतात ठेक्याची पहिली मात्रा अनेकदा रिकामी सोडून ढोलाचा जोर तिसऱ्या मात्रेवर दिला जातो, गिटार मात्रांच्या मधल्या जागा भरते आणि चाल पुढे नेण्याची जबाबदारी बास गिटारवर असते.

या ओळखीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सर्ज गेन्सबूर्ग या कवी-गायकाची ध्वनिमुद्रिका ‘ओ झार्म ए सेतेरा’ (‘शस्त्रे उचला, इत्यादी’). गेन्सबूर्ग १९२८ साली पॅरिसमध्ये, रशियातून आलेल्या ज्यू आईवडिलांच्या पोटी जन्मला, आणि जर्मन अंमलाच्या काळात, कोवळ्या वयात, ज्यूंवर सक्तीने लादलेला पिवळा तारा त्याने छातीवर वागवला. ज्या राष्ट्राचे गीत तो पुढे गाणार होता, त्याच राष्ट्राच्या तत्कालीन सरकारने त्याला परका ठरवले होते. जानेवारी १९७९मध्ये तो किंगस्टनला गेला आणि स्लाय डनबार (ड्रम्स) व रॉबी शेक्सपियर (बास) या जोडीच्या साथीने, रेगे गायक बॉब मार्लीच्या मागे गाणाऱ्या रीटा मार्ली, मार्शिया ग्रिफिथ्स आणि ज्युडी मोवॅट यांच्या आवाजांसह, त्याने ‘मार्सेयेज’ हे फ्रान्सचे राष्ट्रगीत रेगेच्या ठेक्यावर बसवले. ध्रुपदाचे शब्द पुन्हा पुन्हा न लिहिता ‘इत्यादी’ असे लिहून संपवण्याची छापील ग्रंथांतली पद्धत त्याने गाण्यातही जशीच्या तशी ठेवली.

त्यावर जे वादळ उठले त्यात फ्रान्सच्या जमैकाप्रेमाची सीमारेषा उघडी पडली. मिशेल द्रुआ या प्रतिष्ठित पत्रकाराने जून १९७९मध्ये ‘ल फिगारो मागाझिन’मध्ये लिहिलेल्या लेखात गेन्सबूर्गवर राष्ट्रगीताच्या विटंबनेचा आरोप केला आणि असल्या कृतींनी तो ज्यूद्वेषाला खतपाणी घालतो असेही सुचवले. ४ जानेवारी १९८० रोजी स्ट्रासबूर्गला माजी छत्रीधारी सैनिकांनी कार्यक्रम उधळण्याचा घाट घातला. बॉम्बच्या धमकीमुळे जमैकन वादक त्या रात्री रंगमंचावर आले नाहीत, तेव्हा गेन्सबूर्गने एकट्याने, वाद्यांविना, मूठ उंचावून राष्ट्रगीत म्हटले. रूजे द लीलने एप्रिल १७९२मध्ये हे गीत ज्या शहरात रचले, तेच हे शहर. त्याच रूजे द लीलच्या हातचे या गीताचे एक हस्तलिखित डिसेंबर १९८१मध्ये व्हर्सायला लिलावात निघाले, तेव्हा गेन्सबूर्गने ते विकत घेतले.

या सगळ्या वादाचा रोख गेन्सबूर्गवर होता आणि इथेच मन थबकते. ज्यांच्या हातांनी ते संगीत घडले त्या जमैकनांना या गीताबद्दल काय वाटते, ही चौकशी त्या गदारोळात मागेच राहिली. विरोधकांना त्यांचा ठेका अपमानाचे साधन वाटला, समर्थकांना बंडाचे निशाण. दोन्ही पक्षांनी जमैकाकडे पाहिले ते फ्रान्सच्या घरगुती भांडणाच्या खिडकीतून.

जमैकन संगीताची पुढची ओढ मात्र खरी होती. ३ जुलै १९८० रोजी पॅरिसजवळच्या ल बूर्जे येथे मार्लीला ऐकायला सुमारे ५०,००० लोक जमले. या श्रोत्यांना, १७८९च्या क्रांतीचा वारसा सांगणाऱ्या देशाच्या लेकरांना, मार्लीतला बंडखोर लगेच उमगला, पण त्याच्यातला भाविक तितका उमगला नाही. रास्ताफारी हा पंथ १९३०च्या दशकात जमैकात उभा राहिला. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याला तो दैवी मानतो, बायबलचे नित्य वाचन करतो, केसांच्या जटा व्रत म्हणून राखतो आणि गांजाचे सेवन उपासनेचा भाग समजतो. १९०५च्या कायद्याने चर्च आणि शासन यांची फारकत करणाऱ्या, धर्माला सार्वजनिक जीवनातून बाजूला ठेवणाऱ्या फ्रान्समध्ये या व्रताचे झाले ते केवळ मोकळ्या जीवनाचे चिन्ह. जटा, धूर आणि लाल-पिवळा-हिरवा रंग भिंतींवरच्या चित्रांत आले, प्रार्थना मागे राहिली. मे १९८१मध्ये मार्लीवर किंगस्टनला इथिओपियन ऑर्थोडॉक्स विधींनी अंत्यसंस्कार झाले, ही गोष्ट त्याची मूळ ओळख सांगणारी आहे, आणि नेमकी तीच त्या भित्तिचित्रांत सापडत नाही.

ग्रेस जोन्सच्या बाबतीतही असेच घडले. जमैकातल्या स्पॅनिश टाउनमध्ये, कडक पेंटेकोस्टल शिस्तीच्या घरात वाढलेली ही मुलगी १९७०च्या सुमारास मॉडेल म्हणून पॅरिसला आली. तिचा सहचर आणि चित्रकार ज्याँ-पॉल गूद याने ‘जंगल फीव्हर’ या आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिला पिंजऱ्यात, गुरगुरणाऱ्या श्वापदाच्या रूपात दाखवले. ती प्रतिमा कलाकुसरीत अव्वल आहे आणि तरीही अस्वस्थ करते, कारण तिच्यात जमैका कुठेच नाही. आहे ते युरोपने फार पूर्वीपासून कल्पिलेले अरण्य. फ्रान्सच्याच मार्तिनिक आणि ग्वादेलूप बेटांवरून १९६०-७०च्या दशकांत सरकारी योजनेने आणलेल्या कामगारांच्या मुलांनी उपनगरांत रेगे आपलासा केला, तेव्हा तो स्वतःच्या आयुष्याशी जोडलेला होता. पण त्या शेजारच्या आवाजापेक्षा दूरच्या किंगस्टनचे कौतुक फ्रेंचांना सोपे गेले, असे म्हणावे लागते.

याला सन्माननीय अपवाद आहेत. पत्रकार एलेन ली हिने १९९९च्या ‘ल प्रमिए रास्ता’ या ग्रंथात रास्ताफारी पंथाच्या आद्य प्रचारकांपैकी एक असलेल्या लिओनर्ड हॉवेलचे चरित्र चिकाटीने शोधून काढले. १९३४ साली राजद्रोहाबद्दल तुरुंगात गेलेल्या आणि पुढे पिनॅकल नावाची स्वयंपूर्ण वसाहत उभारणाऱ्या या माणसाने जी. जी. मराघ हे भारतीय वळणाचे टोपणनाव घेतले होते, आणि १८४५पासून जमैकात आणल्या गेलेल्या भारतीय करारबद्ध मजुरांचा सहवास त्यामागे दिसतो. तिथला गांजाही याच मजुरांबरोबर आला, असे अभ्यासक मानतात. लीच्या लेखनात रास्ता प्रथमच भूक, जमीन आणि श्रद्धा असलेला माणूस म्हणून फ्रेंच वाचकासमोर आला. माकासाउंड या फ्रेंच कंपनीने मग बाजाराने विसरलेल्या वृद्ध गायकांना किंगस्टनच्याच एका अंगणात, विजेच्या वाद्यांचा दणदणाट टाळून, पुन्हा गाते केले, आणि त्या मुद्रणांत भजनाइतकी शांत तल्लीनता ऐकू येते. २०१७ साली फिलारमोनी द पारी या संगीतसंस्थेने ‘जमैका जमैका!’ हे मोठे प्रदर्शन भरवले व त्यात गुलामगिरीच्या काळापासूनचा या संगीताचा प्रवास मांडला. २०२०मध्ये ते किंगस्टनच्या राष्ट्रीय कलादालनात गेले, आणि फ्रान्सने आपल्याबद्दल काय ऐकले आहे हे जमैकन लोकांना आपल्या घरी पाहता आले.