मोरिवलीच्या वाटेवर

गेल्या आश्विनांत मोरिवलीस जाण्याचा योग आला. आमचा भाचा तेथील एका कारखान्यांत फोरमन आहे, व खंडेनवमीच्या यंत्रपूजेस त्यानें अगत्यानें बोलाविलें होतें. कल्याण सोडलें कीं विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. जवळच मोरिवली, एके काळचें हें शेतकऱ्यांचें गांव आतां औद्योगिक वसाहतीच्या पत्र्यांआड दडलें आहे.

पूजा आटोपून भाच्याच्या घरीं पानावर बसलों, तों त्याची नेहमींची तक्रार निघाली. "मामा, आपलीं मुलें पदव्या घेऊन घरीं बसतात, आणि बाहेरचे येऊन जागा पटकावतात!" त्याचा मुलगा वर्षभर नोकरीसाठीं वणवण करीत होता, तेव्हां हा कडवटपणा कोठून आला, हें मला समजत होतें.

पंक्तीस भाच्याच्या स्नेहांतील एक वृद्ध सिंधी गृहस्थ होते. ते शुद्ध मराठींत म्हणाले, "हेंच वाक्य मीं लहानपणीं ऐकलें आहे. तेव्हां 'बाहेरचे' आम्ही होतों."

फाळणीनंतर सुमारें एक लाख सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या महायुद्धकालीन लष्करी छावणींत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिचें उल्हासनगर झालें. या गृहस्थांचे वडील कराचीस शिक्षक होते. येथें प्रमाणपत्रें ट्रंकेंत राहिलीं, व गुरुजींनीं दोन वर्षें लोकलच्या डब्यांत पापड विकले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजांतील कांहीं प्राध्यापकांनीं १९४८ सालीं मुंबईंत जयहिंद कॉलेज काढलें खरें. परंतु असें भाग्य सर्वांच्या वांट्यास थोडेंच येतें?

ऐकतां ऐकतां मला आमच्या आजोबांची आठवण झाली. १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यांत मोडत असे, व आजोबा कारकुनीसाठीं कराचीस गेले होते. त्यांच्या पुष्कळ आधीं शिक्षणखात्यांतून गेलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नांवाची शाळा तेथें अजून आहे. "हे दक्षिणी आमच्या खुर्च्या अडवितात," असें तेथील लोक कुजबुजत, हें आजोबाच हांसत सांगत. मीं तें सांगतांच गृहस्थ म्हणाले, "माझे वडील त्याच शाळेंत शिकले."

सायंकाळीं आम्ही तिघे वालधुनीकांठच्या शिवमंदिरांत गेलों. शके ९८२ मधील, म्हणजे इ. स. १०६० चें हें शिलाहारांचें देवालय. कोंकणचे हे राजे स्वतःस मोठ्या अभिमानानें तगरचे, म्हणजे आजच्या तेरचे स्वामी म्हणवीत. मंदिराच्या शिखराची भूमिज शैलीही माळव्याशीं नातें सांगणारी. ज्यास आपण येथील प्राचीन वैभव म्हणतों, तें उभारणारेही दुरूनच आलेले!

वाचकहो, ज्यांच्या जमिनी वसाहतीखालीं गेल्या, त्या गांवकऱ्यांच्या मुलांनीं तेथें काम मागणें सर्वथा न्याय्य आहे. परंतु कामाच्या टंचाईचा जाब कारखानदारांस व सरकारास विचारावयाचा. तो रांगेंत आपल्या शेजारीं उभ्या असलेल्या उमेदवारास विचारून आपल्या मुलास नोकरी मिळत नाहीं. केवळ दोन घरांत वैर मात्र वाढतें.

परततांना भाचा बराच वेळ गप्प होता. पुलाशीं येतां तो त्या गृहस्थांस म्हणाला, "काका, गुरुजींना पुढें शाळा मिळाली का हो?"

"मिळाली," ते म्हणाले, "पण पापडांची पेटी त्यांनीं अखेरपर्यंत टाकली नाहीं."