बोटांना कळतं म्हणे

उजवा अंगठा वर्षभरापासून सकाळी बधिर असतो. स्कोपची नळी पुढे सारणारा हात हाच.

अन्ननलिकेच्या तळाशी मिटलेली झडप समोर आली की मी हलकेच रेटतो. अकॅलेशिया, म्हणजे झडप सैलच न पडण्याचा आजार, असेल तर क्षणभर आढेवेढे घेऊन ती वाट देते. कॅन्सरची गाठ सहसा देत नाही. तो ‘सहसा’ मी तीस वर्षं गिळत आलो.

मॅनोमेट्री आली तेव्हा मी नाक मुरडलं. नाकातून नळी, पाच-पाच मिलि पाण्याचे दहा घोट, आणि पडद्यावर दाबाची रंगीत रांगोळी! माझी विद्यार्थिनी त्या रांगोळीत अकॅलेशियाचे तीन प्रकार वाचते. मला बोटं होती.

मग ते आजोबा आले. वय 68, तीन महिन्यांत 14 किलो उतरलेले. बेरियमच्या फोटोत पक्ष्याची चोच, अगदी पुस्तकातली. मी रेटलं, वाट मिळाली. झडपेत 30 मिलिमीटरचा फुगा फुगवून घरी पाठवलं. दीड महिन्यात परत आले. जठराच्या तोंडाशी, अस्तराखालून पसरलेला कॅन्सर. उतारवय, झपाट्याने वाढलेला त्रास, घटलेलं वजन. तिन्ही खुणा समोर होत्या. मॅनोमेट्रीही तिथे फसली असती, असं मी स्वतःला अजून ऐकवतो. खरंही आहे ते. पण सीटी करू नका, असं मॅनोमेट्रीने थोडंच सांगितलं होतं?

दुसऱ्यांच्या चुकांवर मात्र मी तावातावाने बोलतो. भाकरीच्या घासामागून पाणी पिऊन उभ्याने उड्या मारणाऱ्या बाईला दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या! पाणीही अडकतं का, रात्री उशी ओली होते का, एवढंही कुणी विचारलं नव्हतं. आणि हल्लीचे ‘पोएम’वाले माझ्या फुग्याला पुराणवस्तू म्हणतात. सतराव्या शतकात इंग्रज डॉक्टर विलिसने देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून हीच झडप रुंदावली होती. घराणं जुनं आहे आमचं. 2008 साली जपानात डॉ. इनोऊंनी अस्तराखाली बोगदा खणून तोंडावाटे झडपेचा स्नायू कापला (तीच ‘पोएम’), तेव्हापासून सगळ्यांना बोगदेच खणायचेत. पुढे त्या रुग्णांच्या छातीत जळजळतं ते कोण बघतो?

(हा बोगदा मला कधीच जमला नाही, हेही लिहून टाकतो.)

परवा झडपेपाशी पोचल्यावर विद्यार्थिनीने नळी माझ्या हातात दिली. “सर, तुम्ही बघा.” मी रेटलं. “सुटली,” म्हणालो.

तिने मान डोलावली आणि कागदावर सीटी लिहिला.

खरं तर अंगठ्याला काहीच कळलं नव्हतं.