डोंगरदऱ्यांतली पाहुणी

मुलांनो, तुमचा नकाशासंग्रह काढा पाहू! युरोपच्या नकाशावर इटलीचा बूट सापडला? आता समुद्र ओलांडून त्याच्या उजवीकडं या. हा अल्बानिया आणि त्याच्या डोक्यावर माँटेनिग्रो. दोन्ही देश चिमुकले, पण जिकडं पाहावं तिकडं डोंगरच डोंगर! आज आपण तिथं जाणार आहोत, एका इंग्रज बाईंच्या पाठोपाठ.

त्यांचं नाव एडिथ डरहॅम. जन्म लंडनचा, १८६३ सालचा. वडील शल्यविशारद. नऊ भावंडांत एडिथ थोरल्या. चित्रं फार सुरेख काढत. पण वडील वारले आणि आजारी आईची सेवा करता करता एडिथबाईंचीच तब्येत ढासळली. डॉक्टरांनी हवापालटाचा सल्ला दिला. मग १९०० साली त्या त्रिएस्ते बंदरात बोटीत बसल्या आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं कोटोरला उतरल्या. इथं समुद्रच डोंगरांच्या कुशीत आत शिरलेला आहे. तिथून वळणावळणांचा उंच घाट चढला, की माँटेनिग्रोची तेव्हाची राजधानी चेतिन्ये. राजधानी केवढी? एखाद्या मोठ्या खेड्याएवढी!

बाईंना हा मुलूख इतका आवडला, की त्या पुनःपुन्हा येत राहिल्या. तिथली भाषा शिकल्या. लोकांच्या चालीरीती, समजुती त्यांनी लिहून घेतल्या, कपडे नि दागिने जमवले, चित्रं काढली.

१९०८ साली मार्को नावाचा वाटाड्या बरोबर घेऊन त्या उत्तर अल्बानियाच्या डोंगरांत शिरल्या. कधी घोड्यावर, कधी पायी. अशीच अवघड खिंड ओलांडून त्या थेथ गावी पोचल्या. चहूकडं उंच कडे, मधून धावणारी नदी आणि दूरदूर विखुरलेली दगडी घरं. काही घरं तर बुरुजासारखी आणि खिडक्या अगदी चिंचोळ्या! का बरं? तर तिथं रक्ताच्या सुडाची रीत होती. एका घराण्यातल्या माणसाचा खून झाला, की दुसऱ्या घराण्यातल्या पुरुषाचा जीव घ्यायचा. वैर पिढ्यान् पिढ्या चालायचं. ज्याच्यावर सूड उगवायचा असे, तो बुरुजात दडून बसे.

पण याच डोंगरांत आणखी एक रीत होती. दारी आलेला पाहुणा म्हणजे घराचा मालक! त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. दिलेल्या शब्दाला तिथं ‘बेसा’ म्हणतात. बेसा मोडणं म्हणजे केवढी नामुष्की! वैरी जरी पाहुणा म्हणून उंबऱ्याशी आला, तरी त्याला भाकरी द्यायची, हा दंडक. या दोन्ही रीती एडिथबाईंनी जशा दिसल्या तशा लिहिल्या. १९०९ साली त्यांचं ‘हाय अल्बानिया’ हे पुस्तक निघालं.

पुढं ऑक्टोबर १९१२ मध्ये युद्ध पेटलं. माँटेनिग्रोचं सैन्य तुर्की साम्राज्याविरुद्ध अल्बानियात घुसलं. एडिथबाई तेव्हा तिथंच होत्या. त्या इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांना बातम्या पाठवू लागल्या. त्या काळात युद्धाच्या बातम्या देणाऱ्या बायका फारच थोड्या, बरं का!

आणि इथंच त्यांची खरी परीक्षा झाली. माँटेनिग्रो म्हणजे त्यांचा लाडका देश. राजा निकोला यांनी त्यांना सुवर्णपदकही दिलं होतं. पण त्याच सैन्यानं शत्रूच्या माणसांचे केलेले हाल त्यांना कळले. मित्रांची गोष्ट म्हणून गप्प बसायचं? छे! त्यांनी ते लिहिलं. एवढंच नव्हे, तर राजाचं सुवर्णपदक त्यांनी परत पाठवून दिलं आणि तसं वर्तमानपत्रांना कळवलंही. ज्या घरांत बारा वर्षं पाहुणचार घेतला, तिथली किती तरी दारं त्या दिवसापासून बंद झाली असतील!

१९४४ साली एडिथबाई लंडनमध्ये वारल्या. अल्बानियाचे लोक त्यांना ‘डोंगरी लोकांची राणी’ म्हणतात. तिथल्या शहरांतल्या रस्त्यांना त्यांचं नाव आहे. त्यांनी जमवलेले कपडे इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या संग्रहालयात आहेत. थेथचा दगडी बुरुजही उभा आहे. आता त्यात जिवाच्या भीतीनं कुणी लपत नाही, पर्यटक तो पाहायला जातात.

परक्यांची चूक कुणीही सांगतो. आपल्या आवडत्या माणसांची सांगायची झाली तर? आज आईबाबांशी यावर जरूर बोला. आणि हो, नकाशात थेथ सापडतं का, तेही पाहा!