करू की नको

मागच्या जूनमधल्या एका रविवारी मी एक्सेलची नवी शीट उघडली आणि फाइलला नाव दिलं 'करू की नको'. मला देवनागरी फॉन्ट बनवायचा होता. त्यासाठी सहा महिने बिनपगारी रजा घ्यायचा विचार होता, आणि होम लोन घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेपुरता, तीही 'सी' ग्रेड. पण माझे वडील, अण्णा, कराडचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची बाजू, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांनी रंगवलं. मी पाचवीत असताना गावात फ्लेक्स आला. जी पाटी रंगवायला दोन दिवस लागायचे, ती तासाभरात छापून मिळायला लागली. अण्णांनी काही वर्षं ताणलं, मग हार्डवेअरच्या दुकानात नोकरी धरली. त्यांच्या हातच्या पाट्या आता मोजून सात उरल्यात. दर दिवाळीला मी त्यांचे फोटो काढतो. त्या अक्षरांचा फॉन्ट करायचा, एवढीच माझी कल्पना.

शीट भरायला घेतली. खर्च: सहा हप्ते आणि घरचं सगळं. कमाई: शून्य. 'आधीपासून काय उपलब्ध आहे?' या रकान्यात मात्र जागा पुरेना. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि 'बालू' मोफत मिळतात. आयआयटी मुंबईचा 'शोभिका' आहे. र. कृ. जोशींनी केलेला 'मंगल' तर विंडोज 2000 मध्येच कॉम्प्युटरसोबत आला होता. पुढचा रकाना: 'कोणी मागितलाय का?' तिथेही शून्य. बेरीज 'नको' अशीच आली. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

रात्री अण्णांना फोन केला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "कोण मागतंय का पण?"

"कोणी नाही."

"मग रजा कशाला घालवतोस? आधी एक पाटी रंगवून बघ. दुकान टाकायचं नंतर बघू."

ज्यांचा धंदा डोळ्यांदेखत बुडाला, त्यांच्याकडून मला वेगळ्याच उत्तराची भीती होती. मी रजेचा विचार बाजूला ठेवला आणि तीन महिन्यांची मुदत घातली. रोज रात्री साडेनऊ ते अकरा, फॉन्टफोर्ज नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर. तीन महिन्यांत चारशे आकार झाले तर पुढे जायचं, नाहीतर फाइल बंद.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. अ, क, म. अण्णांचा 'क' स्क्रीनवर उमटला तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो. मग खरं काम सुरू झालं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या मुख्य गटाला 128 जागा आहेत. पण जोडाक्षरं धरली की फॉन्टमधले आकार काही शेकड्यांत जातात. 'रि'ची वेलांटी 'क्षि'ला तोकडी पडते, म्हणून वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या काढाव्या लागतात. मराठीतल्या 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या; तो अर्धा 'ऱ' नीट बसला नाही तर अर्थच बदलतो. एकट्या 'लक्ष्मी' शब्दाने माझ्या चार रात्री खाल्ल्या.

आणि त्या चार रात्री मला जड गेल्या नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. याआधी मी एक यूट्यूब चॅनल काढून बंद केलंय, एक खर्चाचं ॲप अर्धवट सोडलंय. चॅनलची कल्पना आवडायची, पण एडिटिंगला बसलं की जांभया यायच्या. शीटमध्ये मी बाजार, पैसा, स्पर्धा असं सगळं विचारलं होतं. या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग मी दमून घरी आल्यावर करीन का, हा रकानाच नव्हता. त्याचं उत्तर विचार करून मिळालंही नसतं. ते काम करूनच कळतं.

म्हणून सगळं जमलं असं मात्र नाही. तीन महिन्यांनी मोजले तर 212 आकार झाले होते. माझ्याच अटीनुसार मी नापास. दोन दिवस फाइल उघडली नाही. मग हिशोब पुन्हा मांडला. पुस्तक छापता येईल असा फॉन्ट एकट्याने, नोकरी सांभाळून, माझ्याच्याने होणार नाही. फक्त पाट्यांसाठी आणि शीर्षकांसाठी, इंग्रजी अक्षरं वगळून, कमी जोडाक्षरांत केला तर होईल. रजेचा अर्ज मी कायमचा खोडला. त्याचं थोडं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. सहा महिने फक्त अक्षरं काढणारा मी मनात छान दिसत होतो.

त्याच आठवड्यात 'लक्ष्मी किराणा' असं त्या फॉन्टमध्ये लिहून अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. तासाभराने त्यांचा व्हॉइस मेसेज आला.

"'ल'चं पोट सुटलंय. आणि शिरोरेषा एवढी जाड का? भिंत खडबडीत असायची, बारीक रेघ तुटायची, म्हणून आम्ही जाड मारायचो. तुझ्या मोबाइलला कुठं भिंत आहे?"

ज्याला मी त्यांची शैली समजून इतके दिवस जपत होतो, ती भिंतीची अडचण होती. सगळ्या अक्षरांची शिरोरेषा आता बदलावी लागणार. मेसेजच्या शेवटी थोडी शांतता होती, मागे दुकानातला काट्यावर खिळे ओतल्याचा आवाज. मग ते म्हणाले, "'ळ' केलास का? दाखव."

अजून केलेला नाही. आज रात्री बसतोय.